गरोदरपणात घशाचा टीबी निघाला. गोळ्या आत्ताच सुरू करायच्या की बाळंतपणापर्यंत थांबायचं?

तुमच्या प्रश्नातून मला समजलं ते असं: बायकोला पाचवा महिना आहे, पहिलंच बाळंतपण. दीड महिना आवाज बसलेला आहे आणि गिळताना दुखतं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहून स्वरयंत्राचा टीबी असावा असं सांगितलं. घरातली मोठी माणसं म्हणतात, बाळ पोटात असताना एवढ्या जड गोळ्या नकोत, मोकळी झाली की बघू. तुम्ही घणसोलीत राहता आणि सातव्या महिन्यात तिला माहेरी पाठवायचं ठरतंय.

थांबू नका. निदान पक्कं झालं की त्याच आठवड्यात गोळ्या सुरू व्हायला हव्यात. टीबीची नेहमीची चार औषधं गरोदरपणात वर्षानुवर्षं दिली जात आहेत. बाळाला खरा धोका उपचार न केलेल्या टीबीचा असतो: दिवस पूर्ण होण्याआधी प्रसूती, कमी वजनाचं मूल, आणि जन्मल्यावर पहिल्याच दिवसांत आईकडून होणारा संसर्ग. स्वरयंत्राचा टीबी तर सगळ्यांत जास्त पसरणाऱ्या प्रकारांत मोडतो, कारण जंतू थेट आवाजाच्या वाटेवरच असतात. बोललं, खोकलं की बाहेर. टीबी आहे एवढ्या कारणावरून गर्भपात करावा लागत नाही, हेही घरच्यांना सांगा.

एक खुलासा मात्र आधी करून घ्या. आपल्याकडे ‘गळ्याचा टीबी’ हा शब्द दोन वेगळ्या आजारांना वापरतात. मानेवर गाठी येतात तो लसिका ग्रंथींचा टीबी. त्यात आवाज सहसा बसत नाही आणि फुप्फुसात काही नसेल तर तो दुसऱ्याला होत नाही. स्वरयंत्राचा टीबी म्हणजे आतल्या स्वरतंतूंवर सूज, व्रण किंवा दाणे. यात बहुतेकदा फुप्फुसातही टीबी असतो. औषधं दोन्हींत तीच, पण घरात घ्यायची काळजी आणि बाळंतपणाची तयारी वेगळी. फाइलवर नेमकं काय लिहिलंय ते वाचून घ्या.

आता निदान पक्कं करण्याबद्दल. दुर्बिणीतून दिसणारं चित्र कर्करोगासारखं किंवा साध्या सुजेसारखंही असू शकतं, त्यामुळे नुसत्या पाहण्यावर सहा महिन्यांचा कोर्स सुरू करणं मला पटत नाही. पण लगेच घशातला तुकडा काढायलाही (बायोप्सी) धावू नका. आधी बेडका तपासा. सकाळी उठल्यावर, चूळ भरून, खोल खोकून काढलेला. नुसती लाळ दिली तर तपासणी वाया जाते. त्यावर सीबीनॅट किंवा ट्रूनॅट होते. दोन-तीन तासांत यंत्र जंतू आहेत का आणि टीबीचं मुख्य औषध रिफाम्पिसिन चालेल का, हे दोन्ही सांगतं. सोबत छातीचा एक्स-रे. तो नाकारू नका; पोटावर शिशाचं एप्रन घालून काढलेल्या छातीच्या एका एक्स-रेत बाळापर्यंत पोचणारा किरणोत्सर्ग ०.०१ मिलिग्रेच्या आत असतो, आणि काळजीची पातळी ५० मिलिग्रेच्या आसपास सुरू होते. बेडक्यात जंतू सापडले आणि घशातलं चित्र त्याला जुळत असेल, तर बऱ्याचदा बायोप्सी टाळता येते. बेडका निगेटिव्ह आला तर मात्र तुकडा हवाच. तो शक्यतो घशात बधिर करणारा फवारा मारून, लवचीक दुर्बिणीतून काढावा, पूर्ण भूल टाळून. तुकड्याचे दोन भाग करायला सांगा: एक फॉर्मलिनमध्ये पेशींच्या तपासणीला, दुसरा साध्या सलाईनमध्ये सीबीनॅट आणि कल्चरला. सगळाच तुकडा फॉर्मलिनमध्ये गेला की त्यातून जंतू वाढवता येत नाहीत. ही चूक फार वेळा होते.

आधी कुणी ‘घसा बसलाय’ म्हणून लेव्होफ्लॉक्सासिनसारखं प्रतिजैविक दिलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. ते टीबीच्या जंतूंना अर्धवट दाबतं, आठवडाभर बरं वाटतं, तपासण्या फसतात. शिवाय गरोदरपणात ते टाळायचंच असतं.

रिफाम्पिसिन चालतंय असा अहवाल आला की पुढची वाट ठरलेली आहे: पहिले दोन महिने चार औषधं (आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल), पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून तीन. रोज, खंड न पाडता. सरकारी हिशेबात ५६ अधिक ११२ असे १६८ डोस होतात. चारही औषधं एकाच गोळीत असतात आणि गोळ्यांची संख्या वजनावर ठरते: ३५ ते ४९ किलोला रोज तीन, ५० ते ६४ किलोला चार, ६५ ते ७५ किलोला पाच. सगळ्या गोळ्या एकाच वेळी घ्यायच्या, सकाळ-संध्याकाळ वाटून नाही. पोटुशी बाईचं वजन वाढत जातं, त्यामुळे कोर्सच्या मधे गट बदलू शकतो. पण गोळ्या वाढवायच्या की नाही हे डॉक्टर ठरवतील, तुम्ही नाही.

इंटरनेटवर काही परदेशी पानं गरोदरपणात पायराझिनामाइड टाळून नऊ महिन्यांचा कोर्स सांगतात. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यात ते गरोदर बाईलाही देतात. दोन पद्धती वाचून गोंधळू नका आणि मनाने एक गोळी कमी करू नका. चालत नाही ते स्ट्रेप्टोमायसिन आणि त्याच्या जातीची इंजेक्शनं. त्याने बाळाचं ऐकणं जाऊ शकतं.

आयसोनियाझिडबरोबर पायरिडॉक्सिन, म्हणजे जीवनसत्त्व ब-६, रोज १० ते २५ मिलिग्रॅम लागतंच, नाहीतर हातापायांना मुंग्या येतात. कुठलीतरी बी-कॉम्प्लेक्स घेतोय म्हणून भागलं असं समजू नका. पाकिटावर पायरिडॉक्सिन किती आहे ते पाहा.

आणि अहवालात रिफाम्पिसिन चालत नाही असं आलं तर वरचं सगळं बाजूला ठेवा. मुंबईच्या पट्ट्यात औषधांना न जुमानणारा टीबी कमी नाही. त्यात गरोदरपणी कुठलं औषध चालेल हे औषधप्रतिरोधी टीबीच्या केंद्रातले तज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ मिळूनच ठरवतात. तिथे ओळखीच्या डॉक्टरांची चिठ्ठी कामाची नाही.

गोळ्या घेण्यातली खरी अडचण उलटीची. आदर्श म्हणजे रिकाम्या पोटी, खाण्याआधी तासभर. पण रिकाम्या पोटी घेऊन उलटून पडण्यापेक्षा दोन बिस्किटं किंवा अर्धी वाटी पेज खाऊन घेतलेल्या आणि पोटात टिकलेल्या गोळ्या बऱ्या. सकाळी मळमळ जास्त असेल तर रात्री झोपताना घ्या, फक्त वेळ रोज तीच ठेवा. गिळताना दुखतंय म्हणून गोळ्या कुटून द्यायची पाळी आली तर आधी गोळ्या मिळतात त्या आरोग्य केंद्रावर विचारा. उलटीत अख्ख्या गोळ्या दिसल्या तर त्याच दिवशी फोन करून डोस पुन्हा घ्यायचा का ते विचारून घ्या. आम्लपित्ताचं पांढरं औषध गोळ्यांच्या आगेमागे दोन तास नको, त्याने आयसोनियाझिड नीट शोषलं जात नाही. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्याही दिवसातल्या वेगळ्या वेळेला सरकवा. त्या बंद करू नका.

मासे खाणाऱ्या घरासाठी एक गोष्ट, जी सहसा कुणी सांगत नाही. आयसोनियाझिड चालू असताना ताजा नसलेला बांगडा किंवा कुपा खाल्ला की तासाभरात चेहरा लाल होणं, डोकं ठणकणं, छातीत धडधड असं होऊ शकतं. अशा माशात हिस्टामिन साठतं आणि ते मोडणारी शरीरातली यंत्रणा हे औषध मंदावतं. लोकांना वाटतं गोळीची ॲलर्जी आली आणि गोळ्या थांबवतात. सहा महिने हे मासे टाळा. बाकीचे ताजे असतील तर चालतील.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. गरोदरपणात टीबी चुकतो आणि गोळ्यांचा त्रासही चुकतो, त्याचं कारण एकच: प्रत्येक लक्षणाला ‘दिवस गेलेत म्हणून असेल’ हे उत्तर तयार असतं. आवाज बसला? आम्लपित्त. थकवा? गरोदरपण. वजन वाढेना? उलट्या होतात ना. कदाचित तिचा दीड महिना असाच गेला असेल. गोळ्या सुरू झाल्यावर हा खेळ उलटा होतो. पहिल्या तिमाहीतल्या उलट्या पाचव्या महिन्यापर्यंत बऱ्याच जणींच्या थांबतात. त्या पुन्हा नव्याने सुरू झाल्या, अन्नावरची वासना उडाली, उजव्या बरगडीखाली दुखू लागलं, डोळे पिवळे दिसले, तर ते डोहाळे धरायचे नाहीत. ते यकृत असू शकतं. त्या दिवशीच्या गोळ्या न घेता त्याच दिवशी रक्त तपासा. लघवी नारिंगी होणं मात्र रिफाम्पिसिनचं नेहमीचं आहे, घाम आणि अश्रूंनाही रंग येतो. ते घाबरण्यासारखं नाही. फरक डोळ्यांच्या पांढऱ्या भागात पाहा. तो पांढराच राहायला हवा.

गोळ्या सुरू करण्याआधी यकृताची तपासणी करून कागद जपून ठेवा, आणि पुढे साधारण दर महिन्याला. तो कागद वाचताना एक लक्षात ठेवा: अल्कलाइन फॉस्फटेज गरोदरपणात वारेमुळे आपोआप वाढतं. पाहायचे ते एसजीपीटी आणि बिलिरुबिन. एसजीपीटी कमाल मर्यादेच्या तिप्पट आणि सोबत त्रास, किंवा त्रास नसताना पाचपट, अशा वेळी गोळ्या थांबवतात आणि आकडे उतरल्यावर एकेक करून परत सुरू करतात. तसंच युरिक ॲसिडचं. पायराझिनामाइडमुळे ते बहुतेकांत वाढतं, आणि गरोदरपणात रक्तदाब वाढला की डॉक्टर हाच आकडा पाहतात. स्त्रीरोगतज्ज्ञांना टीबीच्या गोळ्यांचं माहीत नसेल तर आकडा उगाच घाबरवेल. आणि सगळंच गोळ्यांवर ढकललं तर खरा रक्तदाबाचा आजार सुटेल. म्हणून रक्तदाब आणि लघवीतलं प्रोटीन प्रत्येक भेटीला पाहायलाच लावा.

लाल-हिरवा रंग ओळखण्यात फरक वाटला, अक्षर धूसर दिसलं, तर ते इथॅम्ब्युटॉलमुळे असू शकतं, डॉक्टरांना लगेच सांगायचं.

घशाकडे येतो. गिळताना दुखणं कानापर्यंत जातं, त्यामुळे ती खायचं टाळेल आणि नेमकं हेच नको. पातळ पाणी श्वासनलिकेकडे निसटून ठसका लागतो, घट्टसर मऊ पदार्थ सोपे जातात: नाचणीचं सत्त्व, मऊ खिचडी, दह्यात कालवलेला भात, मूगडाळीचं घट्ट वरण, उकडलेल्या अंड्याचा कुस्करा. कोमट किंवा गार, तिखट-आंबट नाही. ताठ बसून, हनुवटी किंचित छातीकडे झुकवून, छोटे घास. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेतच, कारण यकृतावर आधीच चार औषधांचं ओझं आहे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक विसाव्या आठवड्यानंतर नकोत. आवाजाला विश्रांती म्हणजे कुजबुजणं नव्हे. कुजबुजण्याने स्वरतंतूंवर ताण जास्त येतो. कमी आणि हळू बोलायचं, किंवा मोबाइलवर लिहून दाखवायचं. हळद-मिठाच्या गुळण्या हव्या तर करा. पण त्या घशाच्या वरच्या भागापर्यंतच पोचतात, स्वरयंत्रापर्यंत नाही.

श्वास आत घेताना शिट्टीसारखा किंवा घरघर आवाज येऊ लागला, झोपल्यावर गुदमरायला लागलं, बोलताना वाक्य पुरं होईना, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करून मोठ्या रुग्णालयात न्या. गरोदरपणात घशाच्या आतल्या पडद्याला मुळातच सूज असते, त्यावर टीबीची सूज चढली की हवेची वाट झपाट्याने अरुंद होते. ‘शेवटच्या महिन्यांत दम लागतोच’ हे उत्तर इथे जिवावर बेतू शकतं: गरोदरपणातला दम आवाज करत नाही.

घरात काय करायचं? योग्य गोळ्या सुरू झाल्यावर साधारण दोन-तीन आठवड्यांत पसरण्याचा धोका पुष्कळ कमी होतो, खोकलाही उतरतो. तोवर तिने मास्क लावावा आणि शक्य असेल तर वेगळ्या खोलीत झोपावं. वन आरकेत ते शक्य नसतं, मग निदान तिची झोपायची जागा खिडकीजवळ ठेवा, समोरासमोरची दारं-खिडक्या उघडून वारा खेळता ठेवा, स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट चालू ठेवा. बंद खोलीतला एसी तीच हवा फिरवत राहतो. ताट-वाटी, कपडे वेगळे करायची गरज नाही. टीबी भांड्यांतून होत नाही, आणि हा वेगळेपणा बाईला उगाच खचवतो. डोहाळजेवण या तीन आठवड्यांत बंद हॉलमध्ये नको, महिनाभर पुढे ढकला. गरोदर बायकांच्या ओपीडीतही आधी फोन करून जा आणि रांगेत न बसवता घ्यायला सांगा. तिथे बाकीच्याही पोटुश्याच असतात. घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्या. पाच वर्षांखालची मुलं आधी, मग मधुमेह असलेले आजी-आजोबा. आजार नसेल तर प्रतिबंधक गोळ्या मिळतात.

गोळ्या नागरी आरोग्य केंद्रातून मोफत मिळतात, खासगी डॉक्टरांकडे उपचार चालू असले तरी. खासगी डॉक्टरांनाही प्रत्येक टीबी रुग्णाची सरकारी नोंद करणं २०१२ पासून बंधनकारक आहे. नोंद झाली की निक्षय क्रमांक मिळतो. तो माता-बाल संरक्षण कार्डावर पहिल्याच पानावर लिहून ठेवा. निक्षय पोषण योजनेत नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १,००० रुपये थेट बँकेत येतात. खातं तिच्या नावाचं आणि आधारला जोडलेलं हवं. लग्नानंतर नाव बदलून आधारवर एक आणि पासबुकावर दुसरं असेल तर पैसे तिथेच अडकतात. काही अडलं तर १८००-११-६६६६ हा निक्षयचा मोफत क्रमांक आहे.

रुग्णालय निवडताना स्त्रीरोग, छाती आणि कान-नाक-घसा हे तिन्ही विभाग एका आवारात असतील असंच निवडा. घणसोलीहून ट्रान्स-हार्बरने एका बाजूला वाशी-नेरूळ, दुसऱ्या बाजूला ठाणे आणि तिथून गाडी बदलून कळवा. महापालिकेचं वाशीचं रुग्णालय, नेरूळचं डी. वाय. पाटील, कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय यांतलं तुम्हाला सोयीचं पडेल ते. जवळचं छोटं प्रसूतिगृह कितीही ओळखीचं असलं तरी या वेळेस नको.

माहेरी जाण्याबद्दल माझं स्पष्ट मत: पहिले दोन महिने पूर्ण होऊन बेडका निगेटिव्ह येईपर्यंत हलवू नका. नंतर पाठवायचंच असेल तर निघण्याच्या दहा दिवस आधी केंद्रावर सांगून निक्षयवर तिची नोंद तिकडच्या तालुक्यात वर्ग करून घ्या, आणि हातात किमान पंधरा दिवसांच्या गोळ्या ठेवा. कोर्स तुटतो तो बहुतेक याच फटीत: इथल्यांना वाटतं ती तिकडे गेली, तिकडच्यांना तिचं नावच माहीत नसतं. शिवाय माहेरच्या गावात भूलतज्ज्ञ आणि घशाचे डॉक्टर असलेलं रुग्णालय किती दूर आहे हे आधी पाहा.

कारण बाळंतपणात प्रश्न भुलीचा येतो. नैसर्गिक प्रसूती होऊ शकते, टीबीसाठी म्हणून सिझेरियन करत नाहीत. पण ऐनवेळी सिझेरियन लागलं आणि पूर्ण भूल द्यायची वेळ आली, तर सुजलेल्या किंवा व्रण भरून आक्रसलेल्या स्वरयंत्रातून नळी घालणं अवघड जाऊ शकतं. म्हणून आठव्या महिन्यात दुर्बिणीने घसा पुन्हा पाहून तो अहवाल भूलतज्ज्ञांना दाखवा. ते पाठीतल्या इंजेक्शनची भूल पसंत करतील आणि लहान मापाच्या नळ्या तयार ठेवतील. प्रत्येक नव्या डॉक्टरला ‘रिफाम्पिसिन चालू आहे’ हे वाक्य सांगा. हे औषध दुसरी बरीच औषधं शरीरातून लवकर संपवतं. रक्तदाबासाठी किंवा कळा थांबवायला दिलेलं निफेडिपिन त्यामुळे लागू पडत नाही, थायरॉइडची मात्रा अपुरी पडू शकते.

बाळ जन्मल्यावर व्हिटॅमिन के चं इंजेक्शन दिलंच आहे ना हे पाहा. शेवटच्या आठवड्यांत आईला रिफाम्पिसिन चालू असेल तर बाळाला रक्तस्रावाचा धोका थोडा वाढतो. वार तपासणीला पाठवायला आधीच सांगून ठेवा, नाहीतर ती फेकली जाते. बालरोगतज्ज्ञ बाळाला टीबी नाही याची खात्री करून सहा महिने आयसोनियाझिड देतात, किलोमागे १० मिलिग्रॅमच्या हिशेबाने, सोबत पायरिडॉक्सिन. बीसीजी जन्मतःच देता येते. पहिल्या महिन्यात दूध ओढेनासं झालं, ताप राहिला, पोट फुगलं किंवा कान वाहू लागला तर लगेच दाखवा.

अंगावरचं दूध पाजायचं. औषध दुधात उतरतं ते इतकं थोडं की त्याने बाळाला अपायही नाही आणि संरक्षणही नाही, म्हणून बाळाचा स्वतःचा डोस चुकवायचा नाही. बेडका अजून पॉझिटिव्ह असेल तर पाजताना मास्क.

पाळणा लांबवण्यासाठी गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबू नका, रिफाम्पिसिनमुळे त्या फसतात. कोर्स संपेपर्यंत तांबी किंवा निरोध.

आवाज बहुतेकींचा पहिल्या एक-दोन महिन्यांत सुधारू लागतो. दोन महिने गोळ्या नीट घेऊनही काहीच फरक नसेल तर घसा पुन्हा पाहणं, कल्चर आणि प्रतिरोधाची तपासणी हे तिन्ही करून घ्या. कोर्स पुरा होऊन बेडका निगेटिव्ह असूनही आवाज घोगराच राहिला, तर तो बहुधा व्रणाच्या जागी राहिलेल्या कडकपणामुळे. त्यावर आणखी गोळ्या लागत नाहीत, आवाजाच्या थेरपिस्टकडे जावं लागतं.